बोटं नाचवणारी माणसं

टेकडीवरच्या कॉलेजातल्या पोरांबद्दल माझ्या सासूची, व्हर्नाची, एक यादी आहे. ती पायांत बूट घालत नाहीत. मांस खात नाहीत आणि खाणाऱ्याकडे दुखावल्यासारखं बघतात. केस निळे करतात. बापाच्या जिवावर तत्त्वज्ञान आणि तारे आणि मातीची भांडी, असं सगळं थोडं थोडं शिकतात आणि पोटाला लागेल असं काहीच शिकत नाहीत. खिडकी उघडायची तरी आधी सभा घेतात. आणि चार वर्षं गावात राहून गावातल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नसतं.

मी या गावातलीच. ही यादी मी लहानपणापासून ऐकत आले, आणि खरं सांगायचं तर शेवटचं कलम सोडून ती सगळी बरोबर आहे.

शेवटचं चुकीचं आहे हे मला आमच्या पाळणाघरात कळलं. जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत ते चालतं. जागा आणि थंडीत खोल्या गरम ठेवणारी भट्टी गावाची. आठवड्यातून तीनदा टेकडीवरची पोरं तिथे मदतीला येतात. सहा फुटी, निळ्या केसांचा अन्सेल्म मुलं झोपली की भिंतीला टेकून लोकरीच्या टोप्या विणतो. माझा वेस्ली दीड वर्षाचा. तो केळं सोललेलं खात नाही, स्वतः सोलायला मागतो, हे त्याच्या बापाआधी अन्सेल्मला माहीत होतं.

यंदाच्या गावसभेपुढे ठराव आला: पाळणाघराची जागा आणि भट्टी चालू ठेवायची का? ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ होते. व्हर्ना त्यांतलीच. ती म्हणे, मी चार वाढवले, तेही शेतावर, मला कुणी भट्टी दिली? पाळणाघर बंद पडलं तर गुरांच्या दवाखान्यातली माझी नोकरी सुटणार हे उघड होतं. रॉय, माझा नवरा, रस्त्यावरचं बर्फ सारायच्या गाडीवर. त्याच्या वेळेला धरबंद नाही.

सभा मंगळवारी होती, म्हणून आदल्या रविवारी मी वेस्लीला कडेवर घेऊन पिवळ्या घरी गेले. तिथे कॉलेजातली चौदा पोरं एकत्र राहतात, एकत्र रांधतात. सगळ्यांची नावं गावच्या मतदारयादीत आहेत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी सरळ म्हटलं, मला तुमची चौदा मतं हवीत.

त्यांनी मला मसूरची आमटी वाढली आणि सभा भरवली.

तीन तास. त्यांच्यात आरडाओरडा चालत नाही. एखाद्याचं म्हणणं पटलं तर दोन्ही हात वर करून नुसती बोटं नाचवायची, म्हणजे बोलणाऱ्याला अडथळा नको आणि मोठ्या आवाजाच्या माणसाचा वरचष्मा नको. वेस्लीला हे इतकं आवडलं की तो मांडीवरून सगळ्यांनाच मत देत सुटला. मी पाळणाघराबद्दल बोलले तेव्हा चौदाजणांची बोटं झाडाच्या पानांसारखी हलली. मला वाटलं, झालं काम.

मग इमोजेनने हात आडवा धरला. म्हणजे: थांबा. त्यांच्या नियमात एकाने जरी थांबा म्हटलं तरी सगळ्यांना थांबावं लागतं. इमोजेन म्हणजे यादीतली पहिली चार कलमं एका देहात. मार्चच्या थंडीत अनवाणी, नाकात कडी. ती म्हणाली, आमच्यातले सातजण मे महिन्यात शिकून निघून जाणार. पुढची कित्येक वर्षं भट्टीचा कर गाव भरणार. ज्याचा भार मी उचलणार नाही, तो दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचा हक्क मला आहे का?

बोटं हळूहळू तिच्या बाजूने हलायला लागली.

मी उठले. म्हटलं, "हक्काचं तू बघत बस, बाई. माझ्या पोराला मी मंगळवारनंतर कुठे ठेवू तेवढं सांग."

तिचा चेहरा पडला. पण हात तिने खाली घेतला नाही.

घरी येऊन मी भांडी आपटली. व्हर्ना बघत होती. "सहा कलमं होती ना यादीत? आता सातवं घाल," ती म्हणाली. "कामाच्या वेळी यांना सद्सद्विवेक आठवतो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात इमोजेन आली. बूट घालून आली, म्हणजे विषय गंभीर होता. म्हणाली, राहणारे सात मत देतील. जाणारे सात मत देणार नाहीत. पण गावसभा दिवसभर चालते आणि आत रडकी मुलं चालत नाहीत, म्हणून पाळणाघरातल्या बऱ्याच मुलांच्या आया कधी सभेला आल्याच नाहीत, हे आम्ही हजेरीपटावरून शोधलंय. शाळेच्या संगीताच्या खोलीत आम्ही सातजण मुलं सांभाळू. सकाळी आठपासून. तुम्ही मत द्यायला जा.

चौदा मतं मागितली तर सात आणि बेबीसिटिंग मिळालं, असं मला वाटलं. ते मी बोलून दाखवलं नाही, पण धन्यवादही म्हटलं नाही. आज त्याची लाज वाटते.

मंगळवारी शाळेची व्यायामशाळा भरली. मागच्या टेबलावर शिजवलेल्या घेवड्याची भांडी, ॲपल पाय, कॉफी. मला पहिल्यांदा जाणवलं ते हे की माझ्या वयाच्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यातल्या कित्येकजणी रिकाम्या मांडीचं काय करावं ते न सुचून पर्स कुरवाळत होत्या.

दुपारी आमचा ठराव आला. सभापती टटल, वय एकोणऐंशी, तीस वर्षं हेच काम. त्यांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूचे?" आम्ही ‘हो’ म्हटलं. "विरुद्ध?" मागच्या ओळींतून ‘नाही’ असं काही गडगडलं की बास्केटबॉलची जाळी हलली असेल. शिवाय आमच्या बाजूने आवाज कमी पडला होता. मी वळून पाहिलं.

पिवळ्या घरातले सातजण अजूनही दोन्ही हात वर करून, अत्यंत मनापासून, बोटं नाचवत होते. एकाच्याही तोंडून शब्द नाही.

टटलना वाटलं ही पोरं कुणाला तरी टाटा करतायत. ते म्हणाले, "ठराव नामंजूर. पुढचा विषय, पुलाची डागडुजी."

अन्सेल्मला काय झालं ते उमगलं तसा त्याचा चेहरा केसांइतका निळा पडला. पण मी त्याच्यासाठी थांबले नाही. कागदी मतदान मागायला सात मतदारांना उभं राहावं लागतं, हे पोरांना ठाऊक नव्हतं, आणि पुलाची चर्चा सुरू झाली की संपलं. मी आयुष्यात त्या सभेत तोंड उघडलं नव्हतं. उभी राहिले. म्हटलं, "कागदी मतदान." माझ्या शेजारची उठली. मग दोघी. मग आणखी दोघी, पर्स छातीशी धरून. टटल चष्मा वर करून मोजत होते. "सहा," ते म्हणाले. आणि मग, जरा चकित होऊन, "सात."

सातवी व्हर्ना होती.

मतं पेटीत पडली. एकशे एकतीस विरुद्ध एकशे चोवीस. पाळणाघर राहिलं.

ॲपल पाय वाढून घेताना मी व्हर्नाजवळ गेले. मला तिला मिठी मारायची होती. तिने ताटली मध्ये धरली.

"भलतं समजू नकोस, डेला. मी ‘नाही’लाच मत दिलंय."

"मग उभ्या का राहिलात?"

"पोरांनी हात वर केले होते, मी पाहिलं होतं. गावाने मोजणी चुकीची करायची म्हणजे काय?" मग चमचा उचलत, "शिवाय गुडघा आखडला होता."

संगीताच्या खोलीत तेवीस मुलं होती. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी: काय खातो, कशाला घाबरतो, झोपताना काय हवं. एका कोपऱ्यात चार वर्षांच्या पोरांची सभा चालू होती. विषय, ढोल आधी कुणी वाजवायचा. सगळे बोटं नाचवत होते आणि ढोल शांत होता. इमोजेन अनवाणी जमिनीवर बसलेली, तिच्या मांडीवर वेस्ली आणि हातात त्याचं अर्धं सोललेलं केळं. तिच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं: वेस्ली, अकरा मिनिटं रडला, कारण आई; नंतर खिडकीतल्या बर्फाशी बराच वेळ बोलला.

मी तिला निकाल सांगितला. सात मतांनी, म्हटलं. तिने डोळे मिटले.

"आणि हरलो असतो तर?" मी विचारलं.

"तर मला आयुष्यभर डाचलं असतं," ती म्हणाली. "पण मत मी दिलं नसतं."

मला सभेत बसलेल्या बायका आठवल्या. वीस तरी असतील. सात मतांच्या जागी तिने मला ज्यांचं गाव होतं त्यांचीच मतं आणून दिली होती, आणि ती मतं कुणाला पडतील हेही विचारलं नव्हतं. मी धन्यवाद म्हटलं. एक दिवस उशिरा.

व्हर्ना दारात उभी होती, तोंडावर यादी वाचल्याचा भाव. तिने इमोजेनच्या पावलांकडे पाहिलं. "थंडी वाजत नाही का गं पोरी?"

"वाजते," इमोजेन म्हणाली.

"मग?"

इमोजेनने पावलं आत ओढून घेतली. व्हर्ना प्रथमच तिच्याकडे बघून हसली.

वेस्लीने आजीला पाहिलं, केळं टाकलं आणि दोन्ही हात वर करून बोटं नाचवली. व्हर्नाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हातातली ॲपल पायची ताटली पियानोवर ठेवली आणि कमरेच्या उंचीवर, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, तिनेही बोटं हलवली.