ट्रेलरच्या मानेवरचं ओझं

ऑर्विल कुचेराने ट्रकचं दार उघडलं, पण आत न बसता चौकटीवरचा पांढरा स्टिकर नखाने खरवडायला घेतला.

"निघायचा नाही तो, साहेब," विकणारा ब्रेंट म्हणाला. "कारखान्यातून लागून येतो."

"चिकटवलेलं कुणालाही चिकटवता येतं."

ब्रेंट हसला. ट्रक विकणारे सगळ्यालाच हसतात. गिऱ्हाइकाच्या घरी मयत झाली म्हटलं तरी आधी हसतील, मग चेहरा पाडतील. ऑर्विलने नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांत पाणी फिरवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता आणि नवा म्हणून विकलेला जुना भाग त्याला वासावरून कळायचा. त्यामुळे तो कुणाचंच खरं धरत नसे.

आणि इथे तर लबाडी उघड्यावर मांडली होती. हा ट्रक किती ओढतो, ते काचेवर वीतभर अक्षरात. तो पाठीवर किती पेलतो, ते दाराच्या आत, मुंगीच्या अक्षरात. राहायच्या मोठ्या ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घराची, मान ट्रकच्या पाठीवरच टेकते, म्हणजे जीव जायचा तो या मुंगीच्या आकड्यावर. कायद्यात बसते म्हणून हिला कुणी लबाडी म्हणत नाही, एवढंच.

गंमत अशी की ब्रेंट हा ट्रक विकायलाच तयार नव्हता. हा हलका पडेल, तो शेजारचा घ्या, मागे दुहेरी चाकांचा, असं तो सकाळपासून सांगत होता. ऑर्विलला त्यात डाव दिसत होता. महागाचं गळ्यात मारायचं, दुसरं काय?

त्याला हलकाच हवा होता, आणि कारण त्याने ब्रेंटला सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोचा, लोर्नाचा, खुबा गेला होता. हलक्या ट्रकात ती आपली आपण चढली, पर्स मांडीवर ठेवून ऐटीत बसली. दुहेरी चाकांच्या ट्रकाच्या पायरीवर तिने एक पाय ठेवला, दांडा धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि खाली उतरून म्हणाली, "माझा चष्मा गाडीत राहिला वाटतं." चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

घर विकलं होतं. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या आणि ट्रेलरमध्येच राहायचं, आधी वायोमिंगचे डोंगर, मग थंडीत दक्षिणेकडे. मुलगा डेल गेल्यापासून त्या घरात दोघांचा जीव लागत नव्हता. डेल नालबंद होता, गावोगाव फिरून घोड्यांना नाल ठोकायचा. एका हिवाळ्यात बर्फावर त्याची गाडी घसरली. त्याच्याबद्दल घरात बोलणं होत नसे.

शेवटी ब्रेंट म्हणाला, "असं करा, हाच घेऊन जा. तुमचा ट्रेलर जोडा, हायवेवरच्या काट्यावर वजन करा आणि तुम्हीच ठरवा. पैसे नकोत."

पैसे नकोत म्हटल्यावर ऑर्विलचा संशय दुप्पट झाला. हायवेचा काटा नक्की याच्या मेव्हण्याचा असणार. त्याने ट्रेलर जोडला आणि हायवे सोडून गावातल्या धान्याच्या कोठाराकडे वळवला. तिथला काटा त्याचा जुना दोस्त ड्वेन सांभाळायचा. सुगी चालू होती, मक्याचे ट्रक रांगेत उभे होते.

ड्वेनने आधी ट्रेलर सोडवून नुसता ट्रक तोलला, मग ट्रेलर जोडून ट्रकचीच चाकं पुन्हा काट्यावर घेतली; वाढेल ते मानेचं ओझं. आकडा पाहून त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"लेका, याच्या मानेत काय भरलंयस? बायकोचं माहेर?"

"काटा बिघडलाय तुझा."

"काल अख्ख्या गावाचा मका तोलला याच्यावर. आज तुझ्यापुरता बिघडला होय?"

पुस्तकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, संसार चढला की ते वाढतं, हे ऑर्विलने धरलं होतं. पण हे त्याच्याही पलीकडे होतं. म्हणजे ट्रेलरवालाही चोर. तो शिव्या देत ट्रेलरच्या मानेतल्या पुढच्या कप्प्याकडे गेला. कप्प्याला कुलूप होतं आणि किल्ली लोर्नाकडे.

"रजया आहेत रे तिथे," ती ट्रकच्या खिडकीतून म्हणाली.

"बघू दे."

तिने समोर बघतच किल्ली पुढे केली.

वर खरंच रजया होत्या. खाली डेलची ऐरण आडवी पडली होती, त्याच्याच कातडी एप्रनमध्ये गुंडाळलेली. शेजारी नालांनी भरलेले दोन डबे, भट्टी, घण, आणि ज्यावर ती ऐरण ठेवलेली असायची तो एल्मच्या झाडाचा ओंडका.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने एकाच बाईवर कधी घेतला नव्हता.

तो तिच्या खिडकीशी आला. "ऐरण सामानाच्या लिलावात गेली म्हणालीस."

"मांडलीच नाही मी. शेजारच्या दोघांकडून चढवून घेतली. काढ म्हणालास तर काढू. पण इथे नको. ड्वेनसमोर नको."

मागच्या मक्याच्या ट्रकने हॉर्न दिला. ऑर्विलने रजया होत्या तशा घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात परत दिली.

संध्याकाळी त्याने ब्रेंटला दुहेरी चाकांचा काढायला सांगितलं. ब्रेंट पुन्हा गुण सांगायला लागला तेव्हा तो म्हणाला, "पुरे. एकदा खरं बोललास, तेवढ्यावर थांब." पण त्याही ट्रकाचं दार उघडून त्याने स्टिकर वाचला, आणि नखाने खरवडूनही पाहिला.

निघायच्या सकाळी लोर्ना ट्रकच्या उघड्या दाराशी उभी होती. पायरी तिच्या गुडघ्यापर्यंत येत होती. ऑर्विलने पुढचा कप्पा उघडला, ओंडका उचलून आणला आणि दारापाशी ठेवला. तापल्या नालांचे काळे अर्धगोल डाग त्याच्यावर जागोजाग उमटले होते. हलतो का, ते त्याने तळहाताने दाबून पाहिलं.

लोर्नाने पाय उचलला नाही. "याच्यावर पाय देऊ?"

"ऐरण सोसलीय त्याने. तू काय जड आहेस?"

तिने दांडा धरला, ओंडक्यावर चढली, तिथून पायरीवर, आणि आत बसली. ऑर्विलने ओंडका उचलला. तो कप्प्यात परत न ठेवता त्याने आपल्या सीटमागे ठेवला, हात पुरेल असा.