पातळ थरांतली उष्णता

समितीची बैठक दुपारी होती. अवकाशातली चार याने चालू ठेवायची की बंद करायची, एवढा एकच विषय. गटप्रमुख बाई शेवटचे आलेख तपासत होत्या. त्यांची सहायक, जिला सगळे चष्मिष म्हणत, खिडकीशी डबा उघडून बसली होती.

"चार घास खाऊन घ्या, बाई. समितीपुढे पोट गुरगुरलं तर तीही खळबळ म्हणून मोजतील."

बाई हसल्या नाहीत. "या थरात वायूची घनता बघ किती खाली आलीय."

सूर्याकडून येणारा विद्युतभारित वायू पृथ्वीच्या चुंबकीय कवचापाशी घुसळला जातो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी त्या खळबळीची उष्णता होते. नेमकी कुठे, हा बाईंचा आयुष्यभराचा प्रश्न. उत्तर त्यांना गेल्या हिवाळ्यात मिळाले होते: विद्युतप्रवाहाच्या अगदी पातळ थरांत. यान अशा थरातून गेले की इलेक्ट्रॉनांचे तापमान झर्रकन चढे. याच आलेखावर यानांचे भवितव्य ठरणार होते.

"विरळ आहे. मग?" चष्मिषने विचारले.

"वायू विरळ झाला की यानावरचा धनभार वाढतो. ते इलेक्ट्रॉनांना ओढून घेतं आणि त्यांचा वेग वाढतो."

"तो आपण वजा करतो की."

"कुठला भार धरून?"

चष्मिषने डबा बाजूला सारला आणि आज्ञावली उघडली. वजाबाकीच्या ओळी तिने एकेक करून तपासल्या. वजा होत होता तो भार यानाच्या एका गिरकीची सरासरी होता. भार आवरणारे उपकरण चालू होते तोवर सरासरी पुरत होती. गेल्या वर्षी, हिवाळ्याच्या आधीच, ते बंद पडले, आज्ञावली मात्र तीच राहिली. थर तर गिरकीच्या एका छोट्याशा अंशात निघून जायचा. म्हणजे थरात चढलेले तापमान खरे की यानाच्याच भाराने भासलेले, हे सांगता येत नव्हते.

"भाराच्या बारीक नोंदी?" चष्मिषने विचारले.

"यानांकडून खाली मागवल्याच नाहीत. सरासरी पुरेशी आहे, असं आपणच ठरवलं होतं." बाईंनी आलेख मिटले. "त्या यानावरूनही पुसल्या गेल्या असतील."

"आज गप्प राहू या ना. याने राहिली तर नव्याने मोजू. दुरुस्ती आपणच छापू."

"आणि तोवर खोट्या आलेखावर बसून राहू?"

बैठकीत बाईंनी सगळे सांगितले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे उष्णता त्या थरांत होते की नाही?"

"माहीत नाही."

"याने चालू ठेवली तर कळेल?"

"कळेल."

"गेल्या खेपेलाही तुम्ही 'कळेल'च म्हणाला होतात, बाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आले असते.

उपकरणे बंद करण्याची आज्ञा पाठवायचे काम बाईंकडेच आले. दोघी पडद्यासमोर बसल्या. तीन याने गप्प झाली. चौथ्याची शेवटची माहिती उतरत होती. यान एका पातळ थरातून गेले आणि तापमान चढले.

"साठवून ठेवू?" चष्मिषने विचारले.

"भाराच्या बारीक नोंदींशिवाय कशाशी ताडून बघणार आहेस?"

चष्मिषने कळफलकावरचा हात मागे घेतला. बाईंनी चौथी आज्ञा पाठवली.