ताईचं उत्तर उशिरा येतं

नोकरी सोडून अठरा वर्षं झाली होती, तरी शेजारीपाजारी त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. समोरच्याने नुसतं 'हॅलो' म्हटलं, तरी घरात कोणी आजारी आहे की बारसं आहे ते त्यांना कळायचं.

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसत, आणि पडद्यावर ताई येई. ताई तीन वर्षांनी मोठी, फार लांब, मुलाकडे राहणारी. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून ताईने धाकटीचं नाव 'टिटवी' ठेवलं होतं. आई-वडील गेले, दोघे भाऊ गेले. आता या जगात टिटवी म्हणून हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं.

आणि त्या माणसाचं काहीतरी बिनसलं होतं.

गेले दोन महिने ताईचं उत्तर उशिरा येत होतं. "गुडघा कसा आहे?" असं विचारावं तर ताई नुसती बघत राहायची, शांतपणे, जरा कीव आल्यासारखी. मग केव्हातरी म्हणायची, "बरा आहे." तोवर ऑपरेटरबाईंनी "सूनबाई काय म्हणते?" असं विचारलेलं असायचं, आणि 'बरा आहे' हे त्याला जाऊन चिकटायचं. चेहराही अलीकडे धूसर दिसायचा, पण ते त्यांनी चष्म्याच्या माथी मारलं. वर ताई भलतंच काही विचारायची. "आज कोणता वार गं?" परवा तर म्हणाली, "आपल्या आईचं नाव सांग बघू."

आईचं नाव! त्या रात्री ऑपरेटरबाई जेवल्याच नव्हत्या.

भाच्याला फोन करून सांगायला हवं होतं, की बाबा रे, आईला डॉक्टरांकडे ने. वाक्य तयार होतं. पण एकदा ते तोंडातून गेलं की ताई आजारी ठरणार, म्हणून ते आठवडाभर तोंडातच फिरत होतं.

त्या रविवारी बोलणं संपवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि भाजी चिरायला बसल्या. सून चहा गाळत होती.

"आई, रडताय?"

"कांदा आहे गं."

"तो बटाटा आहे."

मग काय, सगळं बाहेर आलं. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने गाळणं बाजूला ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उशीर म्हणजे किती? मोजलात?"

"ती काय धावण्याची शर्यत आहे, मोजायला?"

"तसं नाही हो. आमच्याकडे रिपोर्ट वाईट आला की आधी मशीन तपासतो. पेशंटला नंतर घाबरवतो. नेट स्लो असेल."

"काही नाही. तुझ्या मोबाइलवर तर गाणी धो धो चालतात."

"माझा मोबाइल पुढच्या खोलीत असतो. तुमचा कॉम्प्युटर मागे."

ऑपरेटरबाईंच्या हातातली सुरी थांबली. चौतीस वर्षं ज्यांनी 'लाईन खराब आहे, साहेब' हे दिवसातून शंभर वेळा सांगितलं, त्यांना स्वतःच्या बहिणीच्या वेळी लाईनचा संशय आला नाही! काळजीने माणूस इतकं बावळट होतं.

"चल," त्या पदर खोचत उठल्या. "आमची एक रीत होती."

लांबची लाईन जोडताना दोन गावच्या दोन ऑपरेटर आळीपाळीने आकडे म्हणत. इकडून एक, तिकडून दोन, इकडून तीन. लाईन सुस्त असली की उत्तर दर वेळी तेवढ्याच उशिराने येतं, प्रश्न सोपा असो की अवघड. माणूस अडखळत असलं तर तसं नसतं. सोपं झटकन येतं आणि अवघडाला वेळ लागतो.

पुन्हा फोन लावला. ताई पडद्यावर आली.

"ताई, आपण आकडे म्हणूया. मी एक म्हणते, तू दोन म्हण."

ताई बघत राहिली. मग अगदी हळू, लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली, "हो हं. म्हणूया आकडे. छान."

आवाज हलू न देण्याची नोकरीतली सवय ऑपरेटरबाईंच्या कामी आली. "एक."

सून मागे मोबाइलवर सेकंद मोजत उभी होती.

"दोन," ताई म्हणाली.

"चार सेकंद," सून कुजबुजली.

"तीन."

"चार," ताई म्हणाली.

"पुन्हा चार सेकंद. आता अवघड विचारा."

"ताई, सतरा चोक?"

एवढ्या वर्षांनी सतराचा पाढा कोणाच्या लक्षात राहतो?

"अडुसष्ट. आणि सतरा पंचे पंच्याऐंशी."

"चार!" सून ओरडलीच. "आई, चारच सेकंद! ही लाईन आहे. मावशी ठणठणीत आहेत!"

ऑपरेटरबाईंनी "थांब गं ताई, आलेच" म्हणून फोन ठेवला, आणि खुर्चीत बसूनच देवाला हात जोडले.

पण सून बसू देणारी नव्हती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. "नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही." तिने आधी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. फरक शून्य. मग मोबाइलवर स्पीड मोजत ती घरभर हिंडली. पुढच्या खोलीत भरपूर. मधल्या बोळात निम्मा. मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला की आकडा धाडकन खाली.

"डबा कुठाय पण?" बोळात उभी राहून तिने विचारलं. वाय-फायच्या यंत्राला घरात डबाच म्हणत. "इथे स्टुलावर होता ना?"

ऑपरेटरबाई पदर सारखा करू लागल्या.

"आई?"

"कपाटामागे," त्या पुटपुटल्या.

बोळातलं आरशाचं लोखंडी कपाट, पुरुषभर उंच, जुन्या कपड्यांनी ठासून भरलेलं. त्याच्या आणि पुढच्या खोलीच्या भिंतीच्या मधल्या फटीत तो बिचारा डबा धूळ खात पडला होता. मागच्या खोलीकडे जायला त्याला वाटच नव्हती.

"कोणी ठेवला तिथे?"

"मीच. दोन महिने झाले." त्या जरा ओशाळल्या. "दिवे सारखे लुकलुकतात गं त्याचे. आमच्या बोर्डावर दिवा लागला म्हणजे कोणीतरी ताटकळतंय, त्याला आधी घ्यायचं. इथून जाता-येता दिसायचे, आणि वाटायचं, कोण वाट बघतंय, मी उचलत का नाही? पाणी प्यायला उठले तरी पाय अडायचा."

सून हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. कपाटामागे हात घालून तिने डबा ओढून काढला, ओढणीने पुसला आणि स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर, कडेला ठेवला. मग पर्समधून प्रयोगशाळेतली निळी चिकटपट्टी काढून, पुन्हा वर चढून एकेका दिव्यावर बोटाने दाबून बसवली. पाचही दिवे झाकले.

"आता?" तिने वरूनच विचारलं.

"आता बरं वाटतं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "उतर खाली, पडशील."

मागच्या खोलीत आकडा चौपट झाला होता. त्यांनी फोन लावला.

"ताई?"

"काय गं?"

इतकं पटकन आलं की त्या दचकल्या. आणि चेहरा तर असा लख्ख, की ताईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"ताई, अगं, लाईन सुस्त होती! माझ्याच घरची! आणि मी इकडे समजत होते की तुझं... तुझं डोकं..."

"माझं?" ताई ताडकन म्हणाली. "माझं डोकं? अगं, मी दोन महिने तुझ्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेय! काही विचारावं तर नुसती बघतेस. मी वार विचारायची, म्हटलं बघूया, हिला वार तरी आठवतो का. आईचं नाव विचारलं तर तुझे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. टिटवी गेली हातची."

"म्हणून ते 'हो हं, छान' काय!"

"मग? आज आकडे म्हणायला लागलीस! माझ्या लेकाला मी इकडे बसून खुणा करत होते, तुझ्या सुनेला फोन लाव म्हणून."

दोघी इतक्या हसल्या की सून दारात येऊन बघून गेली. हसता हसता ताईने डोळे पुसले आणि ती एकदम गप्प झाली. या वेळी लाईन चांगली होती, हे दोघींना माहीत होतं.

"टिटवे," ताई म्हणाली, "खरंच तसं झालं कधी, तर?"

"ज्याला होतं त्याला कुठे कळतं?"

"तेच म्हणते. तू सांगायचंस मला. तुझ्या भाच्याला नाही, आधी मला."

"सांगेन. आणि तू मला."

"मी तर सांगेनच. मी काही बाकी ठेवणार आहे का?"

"हो, माहितीये! माझ्या लग्नात सगळ्यांसमोर—"

"ते खोटं आहे. मी तुझ्या सासूबाईंना एवढंच म्हटलं, की—"

"एवढंच? चांगलं अर्धा तास—"

"तू होतीस का तिथे? तू तर आत साडी बदलत—"

दोघी एकाच वेळी बोलत सुटल्या. कुठलीच थांबायला तयार नव्हती.