पुढून साहेब, मागून बनियन

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. पुढून मी पूर्ण आहे: कॉलर, खिसे, बटणं, सगळं. मागून मात्र मानेपासून खालपर्यंत मला उभं कापलेलं आहे.

उस्मानपुऱ्यातल्या एका शिंप्यानं मला एका नवरदेवासाठी शिवलं. नवरदेवानं मला एकदाच घातलं. मग त्याचं पोट सुटलं आणि मी बजाजनगरला, सर्जेरावांच्या फोटो स्टुडिओत आलो. सर्जेरावांनी आल्याआल्या माझ्या पाठीवर कात्री चालवली. आता काडी असो की ढोल, कुणीही पुढून हात घालायचे, मागं दोन चिमटे लावायचे, झालं. पुढून साहेब, मागून बनियन. कॅमेरा पुढूनच बघतो, म्हणून माझी वर्षं मानात गेली. वाळूजच्या कारखान्यांतल्या कितीतरी ओळखपत्रांवर मी आहे. माणसं वेगळी, कोट एकच.

पुढं मोबाईलच फोटोतल्या माणसांना कोट चढवायला लागला. त्याला इस्त्री लागत नाही, घामाचा वास येत नाही. मी खिळ्यावर धूळ खात राहिलो.

अशात एका सकाळी आकाश आला. सिल्लोडकडचा पोरगा. जवळच्याच एका कंपनीत ठेकेदाराकडून फोर्कलिफ्ट चालवायचा. तिथंच फोर्कलिफ्टवर कायमचा माणूस घेणार होते आणि त्याला मुलाखतीला बोलावलं होतं. ठेका महिनाअखेर संपत होता. ही नोकरी लागली तर शहर, नाहीतर गाव.

"काका, कोट द्या," तो सर्जेरावांना म्हणाला. "अर्ज एआयनं लई भारी करून दिलाय. आता कपडे बी तसेच पाहिजेत."

"काय लिहिलंय त्यात?"

"इंग्लिशमधी हाय. भारीच असंल."

"वाचला नाय?"

"वाचता आला असता तर मीच लिहिला नसता का?"

"मग त्याला तुझी माहिती कुठून मिळाली?"

"लग्नाचा बायोडाटा टाकला की. मामानं केलेला. माझ्याबद्दल टाइप केलेलं तेवढंच होतं."

त्या बायोडाट्यावरचा फोटो सर्जेरावांनीच काढला होता, माझ्यासकट. चिमटे लावताना ते एवढंच म्हणाले, "कुणाला पाठ दाखवू नको."

कंपनीच्या गेटवर वॉचमन कडूबा तात्या उठून उभे राहिले आणि सलाम ठोकला. "साहेब, कुठून आलात?"

"तात्या, मी हाय, आक्या."

"मग असा का आलास?"

मुलाखत भरतीच्या सुरेखा मॅडम घेत होत्या. त्यांनी अर्ज पुढं ठेवला. "यात लिहिलंय, तुम्ही आमच्याच कंपनीत सुपरवायझर आहात. कायम. हाताखाली चाळीस माणसं."

आकाशच्या छातीचे ठोके माझ्या आतल्या खिशापर्यंत येत होते. सुपरवायझर हा शब्द मामानं पोरीकडच्या लोकांसाठी घातला होता. चाळीस माणसं कुठून आली, ते मामालाही सांगता आलं नसतं.

"म्हणूनच बोलावलं," मॅडम म्हणाल्या. "आमचा सुपरवायझर फोर्कलिफ्टची नोकरी का मागतोय, ते बघायचं होतं."

"मॅडम, मी गोडाऊनला असतो. ठेकेदाराकडून. फोर्कलिफ्टच चालवतो."

त्यांनी पानं पुढंमागं केली. "फोर्कलिफ्ट हा शब्दच नाही यात. अहो, ठेक्यावरच्या पोरांमधूनच घ्यायचं ठरलंय आमचं."

"मग मी हाय की."

"आता कसं घेऊ? तुम्हाला बोलावल्यावर हा कागद वरच्या साहेबांकडे जाऊन आलाय. खोटी माहिती, असा शेरा पडलाय त्यावर."

आकाशला दरदरून घाम फुटला. मॅडमना दया आली असावी. "मागचा पंखा लावा जरा," त्या म्हणाल्या.

आकाश उठला आणि वळला.

मित्रांनो, मी जन्मभर पुढून पाहिला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला मागून पाहिलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चिमटा निघालाय तुमचा."

गेटवर येऊन आकाशनं मला उतरवलं. "तात्या, हा सर्जेरावकाकाकडं टाका संध्याकाळी. माझी दुसरी पाळी हाय."

तात्यांनी मला केबिनमध्ये टांगलं. खिडकीतून गोडाऊनचं दार दिसत होतं. थोड्या वेळानं आकाश फोर्कलिफ्टवर खोक्यांची उंच चळत उचलून बाहेर आला. मान मागं वळवून, एकही खोकं न हलवता त्यानं गाडी अरुंद जागेतून मागं घेतली. ते बघायला मॅडम तिथं नव्हत्या.

मित्रांनो, मला घालणं पाप नाही. फोटोपुरता मी बरा आहे. पण तुमच्याबद्दल दुसऱ्यानं लिहून दिलं, मग तो मामा असो की मोबाईल, तर आधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात तुम्ही आहात का, ते बघा. आणि मला घालून फोटोच्या पलीकडं जाणारच असाल, तर आधी माझी पाठ शिवून घ्या.

सध्या मी परत खिळ्यावर आहे. सर्जेराव कसंही टांगोत, मी भिंतीकडं पाठ करून घेतो.