विजयानंतरचं गाव

"कुवाबारा, तुमचा नायक लढतो तरी कशासाठी?" गेमचे निर्माते तोकुनागासाननी सिगारेट विझवत विचारलं.

"गावानं त्याला आपलं म्हणावं म्हणून."

मिझुहो कुवाबाराचा नायक कुठूनसा वाहत आलेला परका. राक्षसाला मारून तो गावात परततो आणि माणसं त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलतात. त्या बोलण्यासाठीच तिनं हा सगळा व्हिडिओ गेम लिहिला होता.

"परततो? राक्षस मेला की पडद्यावर गेम करणाऱ्यांची नावं सरकतात, संगीत वाजतं, संपलं. पुन्हा सुरू केलं की नायक किल्ल्याच्या दारात आणि राक्षस जिवंत. सगळीकडे असंच असतं."

"म्हणूनच आपल्यात तरी..."

"गेमच्या कार्ट्रिजमध्ये जागा कुठाय?" प्रोग्रामर ओगाता मागून ओरडला. "तुझ्या गावगप्पांसाठी राक्षसाचं एक डोकं उडवू का?"

"उडव की!"

"वा गं! चित्रकार माझंच उडवतील."

तोकुनागासान हसले नाहीत. "राक्षसाबरोबर संपेल असा हेतू द्या. सूड द्या."

बदलशील?
▶ हो
　नाही

तिनं नाही म्हटलं.

"असं म्हणू नका हो. सूड द्या."

बदलशील?
▶ हो
　नाही

नाही.

"असं म्हणू नका हो. सूड द्या."

तिनं आधीच्या गेममध्ये लिहिलेले राजेही असेच बोलायचे. नाही म्हणायची मुभा होती. हो म्हणेपर्यंत पुढे मात्र जाता येत नसे.

"पण परका माणूस सूड कोणाचा घेणार?" तिनं शेवटी विचारलं.

ओगातानं तिच्यापुढे ओनिगिरी, भाताचा मुटका, सरकवली. "खा आधी. त्याला गावचाच कर. मग गाव जाळ."

सोपं होतं. एक ओळ बदलली आणि तो तिथलाच झाला. लोहाराचा मुलगा. सगळ्यांना त्याचं नाव ठाऊक.

मग तिनं गावातली माणसं काढून टाकायला घेतली. लोहार. नावाडी. दारात सोयाबीन निवडणारी म्हातारी, विजयानंतर ती त्याला म्हणणार होती, "हातपाय धू, जेवायला बस." मिझुहोनं ती ओळ वाचली नाही, सरळ पुसली. घरांवर ओगातानं केलेल्या ज्वाळा बसवल्या.

खेळ सुरू केला. लोहाराच्या दारापाशी नायकाला उभं करून तिनं बोलायचं बटण दाबलं.

पडद्यावर काही उमटलं नाही. तिनं पुन्हा दाबलं.

"तिथे आता काही नाहीये गं," ओगाता म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली, आणि दाबत राहिली.