पाचव्या भागाचा शेवट

बाइंडरने नव्याकोऱ्या पुस्तकाच्या पाठीत पातं घातलं आणि एका दमात त्याचे दोन तुकडे केले.

"अरे अरे!" दुकानाचे मालक, काका, गोंदाच्या डब्यापलीकडून ओरडले. "लोक फाटकी पुस्तकं आणतात शिवायला आणि तू नवी फाडतोस? गिऱ्हाईकाने बघितलं तर आपला धंदा बसेल."

"माझंच आहे, काका."

"मग तर डोकंच दाखवून ये कुणाला."

पुस्तक कापायची पद्धत त्याच्या लग्नाइतकीच जुनी होती. त्या वर्षी या कादंबरी-मालिकेचा पहिला भाग आला होता. खुर्चीसाठी मारामाऱ्या, फुटलेले मंत्री, गुप्तहेर खातं. त्याला आणि बायकोला, दोघांनाही दम निघेना. तो तिच्या हातातून ओढायचा, ती बाथरूममध्ये घेऊन बसायची. शेवटी त्यानेच ते मधोमध कापलं. पहिला अर्धा वाचून झाला की तो तिला द्यायचा आणि पुढचा स्वतः घ्यायचा. दोघांचं वाचून झालं की दुकानात आणून परत शिवायचा. असे चार भाग झाले. मुद्दाम शोधली तरच शिवण दिसायची.

पाचवा भाग आला तेव्हा ती घर सोडून गेली त्याला सात महिने झाले होते.

चूक त्याचीच होती. ती हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला वरच्या जागेसाठी बोलावलं होतं. ते पत्र आधी त्याच्या हातात पडलं. ही जाईल, या भीतीने त्याने ते दुकानात, कापडाच्या तुकड्यांखाली ठेवलं. उद्या देऊ, परवा देऊ म्हणता म्हणता मुदत गेली. मग एक दिवस ती त्याचा डबा द्यायला आली आणि पत्र तिच्याच हाताला लागलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

कापण्याआधी पाचवा भाग त्याने तीन दिवसांत संपवला होता. मालिकेतल्या गुप्तहेर अधिकाऱ्याने स्वतःच्या बायकोवरच फाइल ठेवलेली असते. तिसऱ्या भागात ती देश सोडून जाते. पाचव्याच्या शेवटच्या प्रकरणात ती परत येते. विमानतळ, हातात एकच बॅग. तो काही बोलत नाही, नुसती बॅग घेतो. एवढंच. ते प्रकरण त्याने चारदा वाचलं. हे तिने वाचायला पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याला स्वतःला काही धड बोलता येत नव्हतं. निदान ते प्रकरण तरी तिच्यापर्यंत पोचावं.

पहिला अर्धा त्याने तिच्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर ठेवला. चिठ्ठी नाही, काही नाही. पुढचा हवा असेल तर ती फोन करेलच.

अकराव्या दिवशी तिचा फोन आला.

"दीड वाजता कॅन्टीनला ये. अर्धा तास आहे माझ्याकडे."

"सुट्टी पाहिजे," तो काकांना म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "जा. आधी नखातला गोंद काढ. सासरी चालल्यासारखा चेहरा केलायस."

कॅन्टीनमध्ये ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. दोन कप चहा आधीच सांगून ठेवला होता. पहिला अर्धा समोर होता.

तो बसला आणि पुढचा अर्धा काढायला त्याने पिशवीत हात घातला.

"राहू दे," ती म्हणाली. "झालं माझं वाचून."

"कसं काय?"

"रिसेप्शनवरच्या ताईंनी घेतलंय ना. त्यांचं आणलं. अख्खं."

"अख्खं?"

"हो. पहिल्यांदाच. मध्ये कुणाची वाट बघावी लागली नाही."

त्याचा हात पिशवीतच राहिला.

"माझं पुढचं राहिलंय," तो खोटंच म्हणाला. "वेळच मिळत नाही. सांग ना, काय होतं पुढे?"

"तुला? आधी एक ओळ सांगितली तर जेवण टाकून उठायचास."

"आता चालेल. सांग."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग मिठाची बाटली पुढे ओढली. हा संरक्षणमंत्री. दोन चमचे म्हणजे रणगाडे. आधीही ती अशीच सांगायची, टेबलावरचं सगळं कामाला लावून. मंत्री बायकोच्या कपड्यांत पळून जायला निघतो आणि बुटांवरून पकडला जातो, हे सांगताना तिला हसू आवरेना. तोही हसला. जिथे "मग?" म्हणायचं तिथे "मग?" म्हणाला. सात महिन्यांत ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती. आपण हे सगळं वाचलंय, हे तो मधेमधे खरंच विसरत होता.

"आणि ती?" त्याने विचारलं. "त्याची बायको?"

तिचे हात थांबले. तिने चमचे उचलून सरळ ठेवले. मिठाची बाटली जागेवर सरकवली.

"ती नाही येत," ती म्हणाली.

"पण विमानतळावर..."

त्याच्या तोंडून निघून गेलं. तिने वर बघितलं. त्याने वाचलंय हे तिला कळलं, पण तिने त्याला खोटं पाडलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"विमानतळावर तो उभा असतो," ती म्हणाली. "शेवटचं विमान येऊन जातं. माणसं बाहेर पडतात. मग तो घरी जातो."

त्याने कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"नीट जातो का?"

"हो रे," ती म्हणाली. "नीट जातो."

दोनला पाच कमी होते. ती उठली. स्वतःच्या कपाबरोबर तिने त्याचाही कप उचलला, खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवला आणि मागे न बघता दाराकडे गेली.

"बरं," तो म्हणाला. तोवर दार बंद झालं होतं.