लांबची मीटिंग

सतीशला पोटाचा त्रास आहे, असं नागूबाईंनी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या अख्ख्या बोळाला सांगून ठेवलं होतं. कुणी हसू दाबून चौकशी केली, की त्या अशा रोखून बघायच्या की त्याचं हसू घशातच अडकायचं. पोराचे हात सकाळी कापतात, चादरीच्या कारखान्यातून त्याला काढून टाकलं, सून शुभदा लहानग्या सृष्टीला घेऊन दुधनीला माहेरी गेली, हे सगळं त्यांनी त्या एका पोटाखाली झाकलं होतं.

मे महिन्यात शुभदाचा सासूला फोन आला.

"आत्या, दारू सुटावी म्हणून माणसं एकत्र बसतात, अशी मीटिंग असतीया. नंबर पाठवलाय. ते तितं बसायला लागले तर मी येते. न्हायतर जूनला सृष्टीचं नाव हितल्याच शाळंत घालते."

नातीचं नाव दुधनीच्या शाळेत लागलं की सून कायमची गेली, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. नागूबाईंनी स्वतःच नंबर फिरवला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. शहरात चार-पाच ठिकाणी बसतो म्हणाला, तुमच्याजवळची सांगू का?

"जवळची नको. लांबची सांगा."

"मग जुळे सोलापूर. या रविवारी खुली मीटिंग आहे, घरच्यांनाही येता येईल. एरवी फक्त पिणाऱ्यांचीच असते."

"पिणारे काय म्हणता? चांगल्या घरातले हाओत आमी."

"आम्हीपण, मावशी," तो म्हणाला.

सतीश आढेवेढे न घेता निघाला, याचंच नागूबाईंना नवल वाटलं. दोन दिवस त्यानं घोटभरही घेतली नव्हती. दाढी करताना हनुवटी दोनदा कापून घेतली होती. रिक्षात तो गुडघ्यावर हात दाबून बसला होता.

शाळेचा वर्ग होता. पोरांच्या बाकांवर मोठाली माणसं पाय दुमडून बसलेली. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा, आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. नागूबाई पदर तोंडाला लावून पुटपुटल्या, "निलाजरी मेली. सत्कार चाललाय जणू."

"आई," सतीश हळूच म्हणाला, "हे माझंच सांगायलेत की."

आणि तो उठला. बाकाची कड धरून म्हणाला, "मी सतीश..."

तेवढ्यात चहाची किटली घेऊन एक माणूस आत आला. धुळाप्पा! त्यांच्याच बोळातला, तीन घरं सोडून राहणारा. चार वर्षांमागं तो बोळाच्या तोंडाशी पडला होता, तेव्हा नागूबाईंनीच त्याच्या अंगावर बादली ओतली होती आणि ह्याच्या बायकोचं कुंकू कधी पुसतंय, असं सगळ्या बायकांदेखत विचारलं होतं. आपल्या बोळाला कळू नये म्हणून त्या लांब आल्या होत्या. धुळाप्पापण त्याचसाठी इतक्या लांब येत होता.

नागूबाई ताडकन उठल्या. "आमी चुकून आलो हितं. पोराला पोटाचा त्रास हाय. दवाखाना कुटं हाय ते विचारायला शिरलो." त्यांनी सतीशची बाही ओढली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"काकू, बसू द्या त्याला," धुळाप्पा म्हणाला. "हितलं बाहेर जात न्हाय."

"तुझ्याकडनं शिकू व्हय मी आता?"

सतीशनं आईकडं एकदा बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. "चल," तो म्हणाला. परतताना सात रस्ता चौकात त्यानं रिक्षा थांबवली आणि उतरून गेला. घरी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, एक चप्पल पायात नव्हती.

पुढच्या रविवारी तो अंथरुणातून उठलाच नाही. नागूबाई एकट्याच गेल्या. धुळाप्पा वर्गाच्या दारात उभा होता.

"आज बंद मीटिंग हाय, काकू. फक्त आमची."

"पोरगं येत न्हाय, धुळाप्पा. तू ये घरी. तुझं ऐकंल."

"येतो की. पण बोळात लोक विचारतील, धुळाप्पा हिच्या दारात कसा? काय सांगू?"

नागूबाईंनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाल्या, "खरं सांग."

मंगळवारी ऐन सकाळी धुळाप्पा आला. नळावर बायकांची गर्दी होती. समोरची बसव्वा हंडा खाली ठेवून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, नागूबाईंच्या दारात धुळाप्पा! वाट चुकला काय?"

धुळाप्पानं नागूबाईंकडं बघितलं. तो बोलणार नव्हता. ते त्यांनीच बोलायचं होतं.

"माझा सतीश दारू पितो," नागूबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी बोलावलंय मी ह्याला."

तेवढ्यात सतीशनं आतल्या खोलीची कडी लावल्याचा आवाज आला.

नागूबाईंनी दार वाजवलं. हाका मारल्या. सृष्टीचं नाव घेतलं. आत खाट करकरली, बस.

"तुझ्या वेळंलापण असंच झालतं का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, काकू. माझ्या दाराबाहेर कुणी उरलंच नव्हतं." धुळाप्पा भिंतीला टेकून खाली बसला. "दहा वाजता कामावर जायचंय मला. तवर बसतो."

दहाला अजून तासभर होता. नागूबाई त्या बंद दाराला पाठ लावून बसल्या.